सोडून गेलेल्यास क्षमा



प्रेमभंगाच्या गाण्यांत इतिहास शोधावा, असे सहसा कोणाला वाटत नाही. तहनाम्यांत इतिहास असतो, संपांत व मोर्च्यांत असतो. पण सोडून गेलेल्या बाईसाठी गुत्त्यात बसून कोणी गळा काढला, तर त्यात इतिहास कसला? मेक्सिको देशातील 'रांचेरा' गाण्यांची हकीकत पाहिली म्हणजे हा समज टिकत नाही.

'रांचो' म्हणजे खेड्यातील शेतवाडी, आणि रांचेरा म्हणजे तिकडचे गाणे. परंतु ते फोफावले शहरात. 1910 साली मेक्सिकोत राज्यक्रांती झाली. पुढील काही दशकांत असंख्य माणसे गाव सोडून शहरात आली. 1930 साली राजधानीत 'एक्स ई डब्ल्यू' हे रेडिओकेंद्र निघाले. 1936 साली 'आया एन एल रांचो ग्रांदे' हा बोलपट आला. ज्यांचे गाव सुटले होते, त्यांना या गाण्यांत आपले दुःख सापडले.

त्यांच्यातलाच एक होसे आल्फ्रेदो हिमेनेस. जन्म 1926, गाव दोलोरेस इदाल्गो. लहानपणी वडील वारले आणि तो राजधानीत आला. तेथे त्याने उपाहारगृहात वाढप्याचे काम केले. त्याला स्वरलिपी येत नव्हती, वाद्यही वाजवता येत नसे. तो चाल गुणगुणून दाखवी आणि जाणकार वादक ती लिहून घेत. 1950 साली त्याचे 'यो', म्हणजे 'मी', हे गाणे गाजले; 1973 साली वारला तेव्हा त्याची गाणी देशाच्या तोंडी होती.

या गाण्यांतला पुरुष पितो, रडतो, फुशारकी मारतो. बाईला दोष देणारी गाणीही त्यांत पुष्कळ आहेत, हे लपवून चालणार नाही. पण हिमेनेसच्या एका प्रसिद्ध गाण्याचे नावच 'तुझे भले होवो' अशा अर्थाचे आहे, आणि हा आशीर्वाद आहे निघून जाणाऱ्या व्यक्तीला! पुढे चावेला वार्गास (1919–2012) या गायिकेने पुरुषांनी स्त्रियांना उद्देशून म्हटलेली असली गाणी शब्द न बदलता, बहुधा केवळ गिटारच्या साथीवर गायिली. दुःखावरची पुरुषांची मक्तेदारी तिने मोडली.

क्षमेविषयी मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच. संप फसला म्हणजे कामगारापुढे माफीनाम्याचा कागद येतो. असे कागद मी पाहिले आहेत आणि त्यांवर सही करणाऱ्यांच्या खाली गेलेल्या मानाही पाहिल्या आहेत. धन्याने क्षमा करावयाची आणि चाकराने ती मागावयाची, अशी जगाची रीत. रांचेरात ही रीत उलटते. ज्याच्यापाशी घर नाही, पैसा नाही, आणि आता प्रेमाचे माणूसही उरले नाही, तोच तेथे क्षमा करतो. त्याच्या हातात देण्यासारखे तेवढेच उरलेले असते. ते तो स्वखुशीने देतो, म्हणून तो भिकारी ठरत नाही.

क्षमा मागायला लावता येते. करायला लावता येत नाही. वाढप्याचे काम केलेल्या एका माणसाने हे आपल्या देशाला गाऊन सांगितले.