ओवीपासून अभंगापर्यंत

तापीकाठचे बऱ्हाणपूर म्हटले की मोगलांच्या छावण्या, 1631 साली येथे निवर्तलेली मुमताज आणि येथील कापडाच्या पेठा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. मराठी ख्रिस्ती गीतांशी या शहराचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तरीही त्या गीतांच्या कथेत बऱ्हाणपुराचे नाव दोनदा येते. एकदा सोळाव्या शतकात आणि एकदा एकोणिसाव्या. दोन्ही वेळा ते येते वाटेवरच्या मुक्कामाचे गाव म्हणून.

1584 च्या सुमारास राल्फ फिच नावाचा एक इंग्रज व्यापारी अकबर बादशहाच्या दरबाराकडे जात असताना बऱ्हाणपुरात उतरला. येथे विणले जाणारे सुती कापड, मातीच्या भिंतींची गवती छपरांची घरे आणि घोड्यावाचून रस्ता ओलांडता येऊ नये असे पावसाळ्यातील पाणी, या साऱ्याची त्याने नोंद करून ठेवली आहे. हा फिच थोड्याच दिवसांपूर्वी गोव्याच्या तुरुंगात होता. पोर्तुगीजांनी त्याला व त्याच्या सोबत्यांना हेर समजून पकडले होते. त्यांच्या सुटकेसाठी ज्यांनी खटपट केली, त्यांत त्यांचाच एक देशबांधव होता. त्याचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडात 1549 साली झाला. येशूसंघात प्रवेश करून 1579 च्या ऑक्टोबरात ते गोव्यास आले, आणि पुढची चाळीस वर्षे, 1619 साली देह ठेवीपर्यंत, येथलेच होऊन राहिले. साष्टीतील नव्या ख्रिस्ती लोकांमध्ये वावरताना एक अडचण त्यांच्या पुढ्यात आली. या लोकांनी जुनी पुराणे टाकली होती. पण पुराण ऐकण्याची सवय काही टाकली नव्हती. सायंकाळी चार माणसे जमली म्हणजे ऐकायचे काय आणि गायचे काय? आमच्यासाठीही एखादे पुराण का असू नये, असा प्रश्न त्यांना विचारला गेला. त्याचे उत्तर म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’. ते 1616 साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले.

ओवी निवडण्यात स्टीफन्स यांनी फार मोठा शहाणपणा केला. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ग्रंथांतील साडेतीन चरणांची ओवी त्यांनी घेतली. पहिल्या तीन चरणांना यमक आणि शेवटचा चरण आखूड, अशी ही घडण कानाला आधीच ओळखीची होती. ऐकणाऱ्याला वृत्त शिकावे लागले नाही. नवी होती ती फक्त कथा. ग्रंथारंभीच या परदेशी पाद्र्याने मराठीची जी थोरवी गायिली आहे, ती मराठीच्या प्राध्यापकांनी पुढे अनेकदा उद्धृत केली. ते योग्यच झाले. परंतु हा ग्रंथ मुळात गाण्यासाठी, मंडळीत मोठ्याने म्हणण्यासाठी होता, हे त्या गौरवात थोडे मागे पडते. 1684 साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत मातृभाषा सोडून पोर्तुगीज बोलावे, असे ठरविले. तरी हस्तलिखिते नकलून घेणारी माणसे राहिलीच. मूळ छापील प्रत आज एकही हाती नाही. मंगळूरला 1907 साली सालढाणा यांनी ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा छापले, ते अशाच जपून ठेवलेल्या नकलांवरून.

यानंतर दोन शतके ओलांडून मुंबईस यावे लागते. 1813 साली अमेरिकन मिशनचे पाद्री तेथे उतरले आणि 1831 पासून अहमदनगर हे त्यांच्या कामाचे मोठे केंद्र झाले. स्टीफन्स यांनी जे ओळखले होते, ते या मंडळींना बराच काळ उमगले नाही. त्यांनी आपली स्तोत्रे मराठीत भाषांतरली आणि चाली मात्र तिकडच्याच ठेविल्या. यात नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. इंग्रजी पद्याचा ताल शब्दांतील आघातावर चालतो. मराठी पद्य लघु-गुरूवर किंवा अक्षरांच्या संख्येवर चालते. त्यामुळे इंग्रजी चालीचा जोर नेमका मराठी शब्दाच्या प्रत्ययावर पडावा, ‘ला’ आणि ‘ने’ लांबत जावेत आणि अर्थाचा शब्द मात्र घाईने उरकावा, असे होई. चार निरनिराळ्या स्वरांत एकदम गाण्याची पद्धतही इकडच्या कानाला परकी. खेड्यातून आलेली माणसे ती गीते आज्ञाधारकपणे म्हणत. जात्यावर बसलेल्या बाईच्या ओठी ती येत नसत.

हे कोडे नगरातच सोडविणारा मनुष्य म्हणजे कृष्णराव रत्नाजी सांगळे (1834–1908). आज त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, ही खेदाची गोष्ट होय. देशी चालींवर पदे रचावीत, एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी कीर्तन घेतले. पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी, मध्ये पदे, साथीला टाळ आणि मृदंग, या सर्व सरंजामासह ख्रिस्ताची कथा गावोगाव सांगण्याची प्रथा 1860 नंतर नगरच्या ख्रिस्ती मंडळीत रुजली, आणि तिच्या आद्य प्रवर्तकांत सांगळे यांची गणना होते. टिळकांची थोरवी कोणी नाकारणार नाही. पण टिळक आले तेव्हा वाट मळलेली होती, हेही सांगितले पाहिजे.

त्याच सुमारास बऱ्हाणपुराचे नाव दुसऱ्यांदा येते. अर्नेस्ट वॉर्ड आणि त्यांची पत्नी फीबी हे फ्री मेथडिस्ट पंथाचे अमेरिकन दांपत्य 1881 च्या आरंभी हिंदुस्थानात आले आणि त्यांनी आपले पहिले काम बऱ्हाणपुरात सुरू केले. पुढे ही मंडळी वऱ्हाडाकडे आणि मध्य प्रांताच्या इतर भागांत गेली. वॉर्ड यांनी गीत रचले म्हणून नव्हे, तर आगगाडीत भेटलेल्या एका गृहस्थाला पुस्तक दिले म्हणून त्यांचे नाव या इतिहासात राहिले.

ते वर्ष 1893. नागपुरात वेदविद्येच्या आणि नियतकालिकाच्या उद्योगात काही काळ घालवून एक बत्तीस वर्षांचा मराठी कवी नोकरीच्या शोधात राजनांदगावकडे निघाला होता. कोकणातील करजगाव हे त्याचे जन्मगाव आणि नारायण वामन टिळक हे त्याचे नाव. डब्यात समोर बसलेल्या गोऱ्या गृहस्थाशी काव्यावर आणि धर्मावर बोलणे झाले. उतरताना त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती दिली आणि आपण दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. एकमेकांचा पत्ता विचारून घेण्याचे दोघांनाही सुचले नाही! हा गृहस्थ म्हणजे अर्नेस्ट वॉर्ड, असे टिळकांच्या चरित्राचे अभ्यासक सांगतात. टिळकांनी शब्द दिल्याप्रमाणे वाचन सुरू केले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांना पुस्तक खाली ठेववेना.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत खरे ठरले. परंतु त्याची किंमत ज्या व्यक्तीने मोजली ती त्या डब्यात नव्हती. लक्ष्मीबाई अकरा-बारा वर्षांच्या असताना टिळकांच्या घरी आल्या होत्या. पतीने धर्म बदलल्याचे कळले तेव्हा त्यांच्यापुढे पती की जात, घर, देव आणि सोवळे, असा प्रश्न उभा राहिला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाला राहिल्या. त्यांतील काही काळ तर खुद्द पंढरपुरात. सुमारे पाच वर्षे हा वियोग चालला. अखेर त्या नगरास आल्या आणि 1900 साली राहुरीला त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे सर्व इतक्या निर्मळ विनोदाने सांगितले आहे, की वाचणाऱ्याला त्यातील दुःख थोडे उशिरा जाणवते.

टिळकांची भजने वाचताना हा काळ विसरून चालत नाही. शाळेच्या पुस्तकांनी त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून घरोघर पोचविले. उपासनेला जमलेल्या मंडळीला ते निराळेच भेटतात. प्रारंभी त्यांनीही विद्वानाच्या थाटात, संस्कृत वृत्तांत लिहिले. मग ते वळले संतांकडे. तुकोबा हा आपल्याला ख्रिस्ताकडे आणणारा पूल, असे ते म्हणत. आणि तुकोबांचाच अभंग त्यांनी हाती घेतला. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक, शेवटी थांबायला जागा. पुढे गाणाऱ्याने एक चरण म्हणावा आणि मागच्यांनी तो झेलावा, यासाठी पुस्तक वाचता येण्याची गरज नाही. नव्याने शिकणाऱ्या समाजाला याचे महत्त्व किती होते, हे सांगावयास नको. ‘अभंगांजली’त आणि ‘उपासना-संगीत’ या संग्रहात त्यांची ही रचना विखुरलेली आहे. त्यात विनवणी आहे, रुसवा आहे, क्वचित देवाशी भांडणही आहे. घरदार तुटलेल्या माणसाला जिवलगाशी बोलावे तसे देवाशी बोलता आले, ते ही भाषा त्याच्या हाताशी होती म्हणून.

त्याच ओढीने 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सारे शिष्य तेथे एकत्र बसावेत, ही कल्पना पुष्कळांना मानवली नाही. तिची परीक्षा होण्यापूर्वीच, 9 मे 1919 रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. एके काळी या धर्मापायी पतीपासून दूर राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहून काढले. त्यातील बहुतेक अध्याय त्यांचेच आहेत. ग्रंथ 1938 साली छापून निघाला. तो पाहावयास त्याही नव्हत्या. 1936 सालीच त्या गेल्या होत्या.

कॅथलिक उपासनेत हा प्रश्न बराच उशिरा आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी लोकभाषेला मोकळीक दिली, तोवर वसईच्या मराठी माणसाची मिस्सादेखील लॅटिनमध्येच होई. मग तेथेही वेदीपुढे हाच विचार करावा लागला, की शब्द मराठी झाले, आता चाल कोणती?

दरम्यान गाण्यांचा प्रवास उलट दिशेनेही सुरू झाला होता. निकोल मॅकनिकोल यांनी टिळकांची काही भजने इंग्रजीत नेली. ती परदेशी स्तोत्रसंग्रहांत शिरली आणि तेथे पाश्चात्य चालींवर गायली गेली. नगरचेच मिशनरी अल्डन क्लार्क यांनी सांगळे यांच्या एका पदाचे भाषांतर केले. ते जेथे जेथे गेले, तेथे बहुधा आपली देशी चाल बरोबर घेऊनच गेले.