दोन वर्षं न खपलेला नांगर

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती घरी मेतकूट आणि भाजणी करते, छान डबे, छान लेबल. तिने तीस हजार रुपये इन्स्टावर पोस्ट बूस्ट करण्यात घातले. लाइक्स भरपूर आले, ऑर्डरी आल्या अकरा. ती म्हणाली, "दादा, माल चांगला आहे ना? मग चुकतंय कुठे? बंद करू का?"

मी कोड लिहिणारा माणूस, मला मार्केटिंगचं काय कळतं! पण तेव्हा मी किर्लोस्करांचा इतिहास वाचत होतो, आणि तिच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथेच सापडलं. म्हणून आजचा एपिसोड त्यावर.

पहिला गैरसमज: माल चांगला असला की तो आपोआप खपतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले, कडबा कापायचं यंत्र बनवलं, आणि १९०३ साली विलायती नांगर डोळ्यांसमोर ठेवून स्वतःचा लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर माती फक्त फाडतो. लोखंडी नांगर माती उलटवतो, खोल जातो, हरळी-कुंदा मुळासकट वर काढतो. म्हणजे माल खरोखरच सरस होता.

आणि तो खपला का? नाही. पहिले नांगर विकले जायला साधारण दोन वर्षं लागली, असं सांगतात. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, जमीन नापीक होते, असं शेतकऱ्यांना वाटायचं.

इथेच दुसरा गैरसमज येतो: गिऱ्हाईक घेत नाही, म्हणजे गिऱ्हाईक अडाणी आहे.

ही विषाची गोष्ट ऐकून आपण हसतो. पण जरा त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहा. जमीन एवढीशी, हंगाम वर्षातून एकदा. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देणार. हे लोखंडी प्रकरण मोडलं तर कुठे न्यायचं? शिवाय जड नांगर ओढायला बैलांच्या जास्त जोड्या लागतात, त्या कुणाच्या आणायच्या? नवी वस्तू फसली तर लक्ष्मणरावांचा एक नांगर वाया जाणार होता, शेतकऱ्याचं मात्र वर्ष गेलं असतं. मला तरी वाटतं की "विष" हा शब्द त्या सगळ्या भीतीचं टोपणनाव होता. अशा भीतीवर जाहिरात चालत नाही. एखाद्याने हिंमत करून नांगर चालवायचा, आणि शेजाऱ्याने बांधावर उभं राहून ते रान आणि पुढचं पीक डोळ्यांनी बघायचं, हाच उपाय.

आणि हा धडा या घराला नवीन नव्हता. सायकलच्या दुकानात काय चालायचं माहितीये? लक्ष्मणरावांचे भाऊ रामूअण्णा नुसती सायकल विकायचे नाहीत, ती चालवायलाही शिकवायचे. ज्याला सायकलवर बसताच येत नाही, तो ती विकत कशाला घेईल?

तिसरा गैरसमज: मार्केटिंग म्हणजे आपल्याच मालाचं कौतुक करत राहणं.

१९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शंवाकि, यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाची छोटी पत्रिका सुरू केली. शंकरराव मुळात चित्रकार, आणि कारखान्याच्या जाहिरातींचं काम बघायचे. गिऱ्हाइकांशी आणि एजंटांशी कारखान्याचा संबंध टिकावा, हा पत्रिकेचा हेतू. पण त्यांच्या लवकर लक्षात आलं असावं की नुसतं नांगरपुराण दर महिन्याला कोण वाचणार? हळूहळू त्यात उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा, गोष्टी, चित्रं आली. पुढे नावातलं 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघालं. ज्या घरांना नांगर किंवा पंप कधीच घ्यायचा नव्हता, त्या घरांतही हे नाव दर महिन्याला जाऊ लागलं. अमेरिकेत जॉन डिअर या नांगरवाल्या कंपनीने १८९५ मध्येच शेतकऱ्यांसाठी 'द फरो' नावाचं नियतकालिक काढलं होतं. आज ज्याला आपण कंटेंट मार्केटिंग म्हणतो, ते इतकं जुनं आहे. फरक इतकाच की त्यांनी आधी वाचकाला काहीतरी दिलं.

चौथा गैरसमज, आणि हा आमच्यासारख्या पॉडकास्टवाल्यांचा: जिद्द आणि मार्केटिंग असलं की सगळं जमतं.

नाही हो. बेळगावची जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजाचा आधार होता, आणि जड लोखंडी माल पाठवायला शेजारीच रेल्वे होती. हे दोन्ही नसतं तर? आणि असे किती लक्ष्मणराव असतील, ज्यांचे नांगर दोनच काय, दहा वर्षांतही खपले नसतील, आणि म्हणून ज्यांच्यावर एपिसोड होत नाहीत? यशस्वी माणसाची गोष्ट ऐकताना हा हिशोब मनात ठेवायला हवा.

मग बहिणीला काय सांगितलं? "तू थांबू नकोस" असं मोठं वाक्य मी टाकलं नाही, कारण ते तीस हजार माझे नव्हते. एवढंच म्हटलं, की दोन महिने बूस्ट बंद ठेव. त्या अकरा जणांना फोन कर. काय आवडलं यापेक्षा घेताना कसली धाकधूक होती, ते विचार. आणि परत कोण मागवतंय ते लिहून ठेव.

तिने फोन केले. चौघींनी एकच गोष्ट सांगितली: मेतकूट कधी दळलंय ते डब्यावर कुठेच दिसत नाही. पोस्ट हजारो लोकांनी पाहिली होती, पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आता डब्यावर दळल्याची तारीख मोठ्या अक्षरात असते. धंदा चालेल की नाही, ते दिवाळीनंतर कळेल. तेव्हा तिलाच बोलावू या इथे. तोपर्यंत, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!