उताराचे शास्त्र

निसर्गावरून बेतलेली रचना म्हटली की पक्ष्याच्या पंखांवरून सुचलेले विमान आठवते. रूपाची उसनवारी लगेच डोळ्यांत भरते. बंगळूरच्या तळी बांधणाऱ्यांनी मात्र रूप नव्हे, वाहत्या पाण्याची रीत उचलली, आणि मला ती अधिक खोल वाटते. शिवाजीनगरच्या पूर्वेचे हलसूर तळे हा तिचा पुरावा. सुमारे 900 मीटर उंचीच्या या पठारावर बारमाही नदी नाही. पडेल तो पाऊस उंचवट्यांवरून निरनिराळ्या खोऱ्यांत निघून जातो. ओहोळ जिथे आपसूक मंदावतो, पसरतो, तिथेच मातीचा बांध घालायचा, ही जुनी पद्धत. तळे भरले की पाणी कोडीवरून, म्हणजे सांडव्यावरून, राजकालुवेत, म्हणजे मोठ्या नाल्यात, पडते आणि खालच्या तळ्याकडे निघते. कुठेही ते वर चढवावे लागत नाही. बांधाच्या पोटात तूबू, म्हणजे पाणी सोडायची मोरी, असे. त्याचा दट्ट्या वर उचलला की पाणी खालच्या खाचरांत जाई, आणि कोणाला किती सोडायचे हे नीरगंटी पाही. 1638 च्या सुमारास शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली, तेव्हा शहर अशाच तळ्यांवर जगत होते.

कोणी म्हणेल, सखल जागी बांध घालायला कसली प्रेरणा, ती तर गरज! एका बांधापुरते ते खरे. साखळीचे तसे नाही. वरच्या तळ्याची कोडी ठरवताना खालच्याला किती पाणी पेलेल हे पाहावे लागते, म्हणजे अख्खे खोरे एक समजून चालावे लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: 1809 मध्ये आलेल्या ब्रिटिश छावणीची तहान तळ्यांनी भागली नाही. 1882 चा सँकी टँकही पुरला नाही. 1890 च्या दशकात अर्कावतीवरच्या हेसरघट्टाहून नळाने पाणी आणावे लागले. वाढत्या शहराला तळी पुरली नसती, हे मान्यच. पण पुढे हेसरघट्टाही आटले, 1933 मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय गाठावा लागला, आणि 1974 पासून कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून पंपांनी वर चढवले जाते. उगम लांबवल्याने पावसाचा प्रश्न सुटला नाही, फक्त तो नजरेआड झाला. दरम्यान शहरातल्या धर्मांबुधी तळ्यावर बसस्थानक झाले, संपंगीवर स्टेडियम. हलसूरचे जादा पाणी ज्या खोऱ्यातून बेळ्ळंदूरकडे जाते, त्याच बेळ्ळंदूरच्या आसपासच्या वसाहती सप्टेंबर 2022 मध्ये पाण्याखाली गेल्या. म्हणून नाल्याची रुंदी कंत्राटात लिहिण्याआधी वरच्या तळ्याची कोडी मोजायला हवी.