अंतरमापक कॅमेरा

छायाचित्रविषयाचे अंतर प्रकाशीय रीतीने मोजणारी आणि त्या मापनाशी भिंगाची पुढे-मागे होणारी हालचाल यांत्रिक दुव्याने जोडणारी रचना ज्यात असते, त्या कॅमेऱ्यास अंतरमापक कॅमेरा म्हणतात. छायाचित्रकारांच्या बोलण्यात ‘रेंजफाइंडर’ हेच नाव रूढ आहे. प्रस्तुत नोंदीत ३५ मिमी. रुंदीची फिल्म वापरणाऱ्या, भिंगे बदलता येणाऱ्या आणि शटर चालण्यासाठी विद्युत् घटाची गरज नसणाऱ्या कॅमेऱ्यांचा इतिहास दिला असून, भिंगाविना असलेल्या कॅमेऱ्याची, म्हणजे ज्याला व्यवहारात ‘बॉडी’ म्हणतात तिची, निवड कोणत्या गोष्टींवर अवलंबून राहिली याचे विवेचन केले आहे.

या कॅमेऱ्याच्या पुढील बाजूस एकमेकींपासून काही अंतरावर दोन खिडक्या असतात. एकीतून दृश्य सरळ दिसते. दुसरीतून आलेली प्रतिमा फिरत्या आरशाने किंवा लोलकाने वळवून अर्धपारदर्शक आरशाच्या साहाय्याने पहिलीवर टाकलेली असते. भिंगाचे कडे फिरविले की दुसरी प्रतिमा सरकते आणि दोन्ही प्रतिमा जुळल्या की भिंग योग्य अंतरावर आले असे समजते. दोन खिडक्यांमधील अंतरास आधारांतर म्हणतात. आधारांतरास नेत्रिकेच्या विवर्धनाने गुणले असता परिणामी आधारांतर मिळते आणि त्यावर मापनाची अचूकता ठरते. एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यात भिंग जे पाहते तेच डोळा पाहतो. येथे मात्र डोळा व भिंग यांचे मार्ग वेगळे असतात. परिणामी अंतरमापकाची अचूकता बॉडीची असते, भिंगाची नव्हे. भिंगाची मागणी मात्र त्याच्या केंद्रांतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. द्वार तेवढेच उघडे ठेवल्यास ९० मिमी. केंद्रांतराच्या भिंगाला ५० मिमी. भिंगाच्या तिपटीहून अधिक परिणामी आधारांतर लागते. बॉडींची तुलना करताना शटरच्या वेगांचीच चर्चा फार होते. वस्तुतः निवडीचा खरा प्रश्न नेत्रिकेचा आहे.

जर्मनीतील व्हेट्झलार येथील लाइट्स कारखान्यातील ऑस्कार बार्नाक यांनी १९१३–१४ च्या सुमारास तयार केलेल्या नमुन्यावरून लायका कॅमेरा १९२५ मध्ये लाइपसिकच्या जत्रेत लोकांपुढे आला. त्यात अंतरमापक नव्हता. अंतर अदमासाने ठरवावे लागे किंवा वेगळा अंतरमापक वर बसवून त्यावरील आकडा भिंगावर उतरवावा लागे. १९३२ मध्ये लाइट्सने लायका–२ हा भिंगाशी जोडलेल्या अंतरमापकाचा कॅमेरा काढला आणि त्याच वर्षी ड्रेझ्डेनच्या त्साइस इकॉनने काँटॅक्स बाजारात आणला. निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

दोन्ही रचनांमागील विचार भिन्न होते. लायका लहान, हलका आणि साधा होता. त्याचे रबर लावलेल्या कापडाचे शटर आडवे धावे आणि सर्वांत मोठा वेग १/५०० सेकंद होता. आधारांतर मात्र सु. ३९ मिमी. इतकेच होते. १९३३ च्या लायका–३ मध्ये १·५ विवर्धन देऊन ही उणीव बरीचशी भरून काढण्यात आली. काँटॅक्सचे आधारांतर सु. १०० मिमी. होते, त्याचे धातूच्या पट्ट्यांचे शटर उभे धावे आणि वेग १/१००० सेकंदापर्यंत जाई. कागदावर काँटॅक्स सरस होता. परंतु पहिल्या काँटॅक्सचे शटर नाजूक ठरले व त्यात वारंवार फेरफार करावे लागले. त्याची मोठी जमेची बाजू म्हणजे लूटव्हिख बेर्टेले यांनी आखलेले ५० मिमी., एफ/१·५ झोनार भिंग. भिंगांवर परावर्तनरोधक लेप देण्याची प्रथा रूढ होण्यापूर्वीच्या त्या काळात हवा व काच यांना विभागणारे थोडेच पृष्ठभाग असलेले हे भिंग अधिक ठसठशीत प्रतिमा देई. १९३६ च्या काँटॅक्स–२ मध्ये दृश्य पाहणे व अंतर जुळविणे ही दोन्ही कामे एकाच नेत्रिकेतून होऊ लागली. लायका वापरणाऱ्यास मात्र पुढेही अनेक वर्षे दोन नेत्रिकांमध्ये डोळा हलवावा लागला. रॉबर्ट कापा यांनी ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर काँटॅक्स नेला होता. आंरी कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर लायकाशी एकनिष्ठ राहिले. १९४७-४८ मध्ये ते भारतात होते आणि ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही वेळ आधी, त्यांनी महात्मा गांधींची भेट घेतली होती. पुढील अंत्ययात्रेची त्यांची छायाचित्रे जगभर गेली.

या दोन कुळांचा विस्तार जर्मनीबाहेरही झाला. खारकॉव्ह येथे अनाथ मुलांच्या श्रमवसाहतीत १९३४ पासून लायका–२ ची नक्कल ‘फेड’ या नावाने होऊ लागली. फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. युद्धानंतर काँटॅक्सची यंत्रसामग्री सोव्हिएट संघात नेण्यात आली आणि ‘कीव्ह’ हा कॅमेरा १९८०–९० या दशकापर्यंत निघत राहिला. जपानमध्ये कॅननने लायकाचा आटेजोड स्वीकारला. निकॉनने १९४८ मध्ये काँटॅक्सचा आकार व जोड आणि लायकाच्या धर्तीचे कापडी शटर यांचा मेळ घातला. ही निवड व्यवहारी होती, कारण काँटॅक्सचे शटर दुरुस्त करणे अवघड होते.

१९५४ मध्ये लायका एम–३ आला आणि पूर्वीच्या सर्व तुलना मागे पडल्या. त्याचे आधारांतर सु. ६९ मिमी. व विवर्धन ०·९१ असल्याने परिणामी आधारांतर सु. ६३ मिमी. भरते. ५०, ९० व १३५ मिमी. भिंगांच्या प्रकाशित चौकटी नेत्रिकेत भिंग बसविताच आपोआप दिसत आणि पराशयाची दुरुस्तीही आपोआप होई. मात्र ३५ मिमी. भिंगासाठी त्यात चौकट नव्हती. ही गैरसोय दूर करण्यासाठी थोड्याच वर्षांत एम–२ काढून विवर्धन ०·७२ वर आणावे लागले. त्यामुळे परिणामी आधारांतर सु. ५० मिमी. झाले. रुंद दृश्य हवे तर अचूकता थोडी सोडावी लागते हा सौदा पुढील कोणत्याही कारखान्याला चुकविता आला नाही. निकॉनने १९५७ च्या एसपी मध्ये रुंद भिंगांसाठी वेगळी खिडकी ठेवून चातुर्याने मार्ग काढला. पण दोनच वर्षांनी त्याच बॉडीच्या आधारे आरसापेटी बसवून निकॉन एफ हा परावर्ती कॅमेरा केला. दूरचे भिंग, अगदी जवळचे चित्रण आणि भिंगातून दिसणारी नेमकी प्रतिमा यांच्यापुढे अंतरमापकाचा व्यावसायिक बाजार ओसरला. आरसा नसल्याने लाभणारा मंद आवाज व फिल्मच्या अगदी जवळ येऊ शकणारी रुंदकोनी भिंगे एवढेच त्याचे राखीव क्षेत्र उरले. लाइट्सचा प्रकाशमापकयुक्त एम–५ (१९७१) ग्राहकांना रुचला नाही. १९८४ च्या एम–६ ने जुन्या आकारात प्रकाशमापक बसविला. त्याचा घट संपला तरी शटर चालते. एम–६ च्या नेत्रिकेत मात्र तिरप्या उजेडात जुळणीचा ठिपका पांढरा पडतो. काटकसरीसाठी आधीच्या एम४–२ पासूनच एक भिंग गाळल्याचा हा परिणाम होता. २००३ च्या एमपी मध्ये तो दोष काढला गेला.

चष्मा लावणाऱ्याला २८ मिमी. ची चौकट पूर्ण दिसत नाही, म्हणून ज्याचे काम मुख्यतः ५० व ९० मिमी. भिंगांवर आहे त्याला एम–३, आणि ३५ मिमी. वर आहे त्याला एम–२ हीच निवड आजही योग्य ठरते. कॅनन पी व कॅनन ७ कमी किंमतीत भक्कम धातूचे शटर देतात. त्या शटरवर सुरकुत्या पडलेल्या असल्या तरी बहुधा कामात बाधा येत नाही. जपानच्या कोसिना कारखान्याच्या बेसा आर (२०००) चे परिणामी आधारांतर सु. २५ मिमी. असल्याने तो रुंदकोनी भिंगांपुरताच पुरेसा होय. ही मालिका २०१५ मध्ये बंद झाली.

जुन्या बॉडीच्या बाबतीत नाममुद्रेपेक्षा तिची अवस्था महत्त्वाची असते. भिंग काढून कापडी पडदे उजेडासमोर धरावेत. भिंगावर ऊन केंद्रित होऊन पडलेली सूक्ष्म छिद्रे तारकांसारखी चमकतात. एक सेकंदाचा वेग मध्येच अडखळत असेल तर वंगण सुकलेले असते व ते साफ करता येते. एम–३ च्या नेत्रिकेतील लोलकांचा डिंक धक्क्याने सुटला असेल, तर मात्र दुरुस्ती खर्चिक होते. मुंबई व कोकणच्या दमट हवेत बंद कातडी पिशवीत ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या काचांवर बुरशी येते. ती नेत्रिकेतही शिरलेली असू शकते. नव्या यांत्रिक बॉडी हव्या असणाऱ्यांसाठी लायकाने २०१४ मध्ये प्रकाशमापकविरहित एम–ए काढला आणि २०२२ मध्ये एम–६ चे उत्पादन सुधारलेल्या नेत्रिकेसह पुन्हा सुरू केले.