करुणेचे पाणी कुठून येते?

करुणा धर्मश्रद्धेतून येते की मनुष्यस्वभावातून, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा व्याख्यानमालांतून चर्चिला जातो. उत्तरे ठरलेली असतात. धर्मवादी म्हणतो, धर्म नसता तर माणूस पशू झाला असता. बुद्धिवादी म्हणतो, माणूस मुळातच दयाळू आहे, धर्माने त्याला बिघडविले. मी इतिहासाचा शिक्षक आहे. ही दोन्ही उत्तरे मी पाण्यापाशी नेऊन तपासली. कारण करुणेची सर्वांत साधी परीक्षा तहानलेल्यापुढे होते, आणि या देशात आमची परीक्षा शतकानुशतके पाणवठ्यावरच झाली.

आधी धर्माची बाजू ऐकू. तहानलेल्याला पाणी देणे हे आपल्याकडे पुण्य मानले आहे. चैत्र-वैशाखात पाणपोया लागतात, मुंग्यांना साखर घातली जाते. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ साली मुंबईत दंगल झाली आणि १८३४ साली तिथे पांजरपोळ उभे राहिले. जनावरांविषयीची ही कणव खोटी होती, असे मी म्हणणार नाही. माणसे त्यासाठी रस्त्यावर आली, पैसाही त्यांनी दिला. पण माझ्या लहानपणी आमच्या गावची पाणपोईही अशाच पुण्यासाठी चालत असे, आणि आम्हांला तिथे भांडे मिळत नसे. ओंजळ धरायची आणि वरून पडेल तेवढे प्यायचे. पाणी देणारा माणूस दुष्ट नव्हता. पुण्य आणि विटाळ ही दोन्ही खाती तो एकाच वहीत लिहीत होता, एवढेच.

एकनाथांच्या दोन आख्यायिका महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहेत. रामेश्वराला न्यायचे कावडीतले पाणी त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, आणि गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर कडेवर घेतले. नाथांच्या मोठेपणाविषयी माझ्या मनात आदर आहे. पण या कथा इतिहासाच्या नजरेने वाचल्या पाहिजेत. चटके बसून रडणारे पोर उचलणे ही कोणत्याही माणसाची पहिली हालचाल असायला हवी. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातला चिनी तत्त्वज्ञ मेन्सियस हेच सांगत होता. पोर विहिरीत पडताना दिसले की कोणाच्याही काळजाचा ठोका चुकतो. आईबापांची मर्जी संपादण्यासाठी किंवा लौकिकासाठी तो चुकत नाही, असे त्याचे म्हणणे. मग पैठणच्या वाळवंटात पोर उचलायला संत का व्हावे लागले? ही साधी हालचाल पिढ्यान्‌पिढ्या सांगण्याजोगी नवलाची का ठरली? या कथेत नाथांचा मोठेपणा दिसतो, तसाच भोवतालच्या समाजाचा ताळेबंदही दिसतो.

तो ताळेबंद महाडला उघडा पडला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले, पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह तळ्यावर जाऊन ते पाणी प्राशन केले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या माणसांवर लाठ्या चालल्या. पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळे ‘शुद्ध’ केले गेले. जनावरे त्या तळ्यावर पाणी पीत होतीच. गाढवाला पाणी पाजणाऱ्या संताची कथा भक्तिभावाने ऐकणाऱ्या समाजात हे घडले.

येथे बुद्धिवाद्याचे उत्तरही अडते. लाठी चालवणारेही माणसेच होती. घरी त्यांना लेकरे होती, लेकराला ताप आला की तीही रात्र जागत असणार. मनुष्यस्वभावात करुणा असेल, तर ती त्या दिवशी कुठे गेली होती? माझे उत्तर असे की ती कुठेच गेली नव्हती, तिला कुंपण होते. झरा स्वाभाविक असतो, पण त्याचे पाणी कोणत्या शेतात जायचे हे पाट ठरवतो. आपल्याकडे तो पाट जातीने खणला आणि शास्त्राने त्याला दगडी बांध घातला.

पण बांध ओलांडणारेही त्याच महाडात होते. मार खाणाऱ्यांपैकी काहींना मुसलमानांनी आपल्या घरांत आश्रय दिला. डिसेंबरच्या सत्याग्रहासाठी जागा फत्तेखान यांनी दिली. चित्रे, टिपणीस, सहस्रबुद्धे हे जन्माने सवर्ण. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे तर ब्राह्मण होते. तेव्हा धर्माच्या नावावरून करुणेचा हिशेब लागत नाही.

याआधीची साक्ष पुण्याची आहे. १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते मुख्यतः फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांसाठी. ज्या वर्णाने शूद्रांना तुच्छ लेखले, त्याच वर्णातल्या लेकींना शूद्राच्या घराने दार उघडले, आणि अशाच एका विधवेचा मुलगा पुढे दत्तक घेतला. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्याच वर्षी नायगावहून लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाई कळवतात की एक ब्राह्मण तरुण आणि एक महार मुलगी यांना गाव ठार मारायला निघाले होते, आणि इंग्रजी कायद्याचा धाक घालून त्यांनी दोघांना वाचवले. हा तपशील महत्त्वाचा आहे. त्या जमावापुढे त्यांनी दयेची भीक मागितली नाही, कायदा पुढे केला. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, आणि १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. या घराने देव नाकारला नव्हता. जोतीरावांचा निर्मिक होताच. पण त्या निर्मिकाच्या दारात सर्व माणसे सारखी होती.

म्हणून मला वाटते, करुणा धर्माची देणगी नाही. धर्म करुणेचे कुंपण वाढवतो किंवा मोडतो, आणि त्यावरूनच त्याची पारख करावी. बाबासाहेबांनी नेमके हेच केले. १९३६ साली त्यांनी नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म यांत फरक केला. १९५६ साली धम्म स्वीकारला, आणि १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रज्ञेला आणि करुणेला एकत्र बसवले. करुणा माणसांपुरती आणि मैत्री प्राणिमात्रांसाठी, असा क्रमही त्यांनी सांगितला. आमच्याकडे तो क्रम उलटा झाला होता. मुंगीला साखर मिळत होती आणि माणसाला ओंजळ धरावी लागत होती.

प्रज्ञा हवी, कारण आंधळी करुणा दया होते, आणि दया नेहमी वरून ओतली जाते. वरून ओतणाऱ्याचा हात थांबला की खालची ओंजळ कोरडी राहते. हक्काचे तसे नाही. चवदार तळ्याचा खटला दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. त्या निकालाला कोणाचे हृदय द्रवण्याची वाट पाहावी लागली नाही. पुढे संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली.

तरीही निव्वळ कायद्याने पाणी गोड होत नाही, हे कार्यकर्त्यांना मी सांगायला नको. तळे खुले करणारा ठराव तीन वर्षे कागदावर पडून राहिला, तो कायदा अपुरा होता म्हणून नव्हे, तर पाणी पिणाऱ्याला माणूस मानणारे शेजारी अपुरे होते म्हणून. असे शेजारी घडवणे हे शाळेचे, चळवळीचे आणि साहित्याचे काम आहे. करुणा जन्मतः सर्वांपाशी असते. तिला कोण दिसावे आणि कोण दिसू नये, हे मात्र शिकवले जाते, आणि जे शिकवले गेले ते बदलून शिकवता येते. वर्गात उभा राहतो तेव्हा माझी भिस्त याच गोष्टीवर असते.