एक खोका, दोन पडदे

केबल जाळ्यांचे नियमन करणाऱ्या १९९५च्या कायद्यात 'ग्राहक' कोणाला म्हणावे याची एक व्याख्या आहे. आपण केबलचालकाला दाखवून दिलेल्या जागी जो संकेत घेतो आणि तो पुढे अन्य कोणाला पाठवीत नाही, तो ग्राहक, असा तिचा आशय. कायद्याचा मजकूर साहित्याच्या विद्यार्थ्याने सहसा उघडू नये अशीच आपली समजूत असते. पण ही व्याख्या एखाद्या कवितेइतक्या सावधपणे वाचावी अशी आहे. तिच्यात व्यक्ती आहे, जागा आहे. दूरचित्रवाणी संच मात्र कुठेच नाही. मग त्या जागेत दोन खोल्या असतील आणि बाहेरच्या खोलीतला संकेत वायरीने आतल्या खोलीतल्या दुसऱ्या संचाला दिला, तर आत बसलेली सासू 'अन्य कोणी' ठरते काय? पाहणारा कसा मोजायचा, हा प्रश्न आपल्याकडच्या दूरचित्रवाणीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा आला आहे. एका खोक्यावर दोन टीव्ही चालवण्याची घरोघरची खटपट हे त्याच प्रश्नाला लोकांनी आपल्या परीने दिलेले उत्तर आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा मोजणी सोपी होती. १९३३च्या बिनतारी कायद्याखाली संच बाळगायला परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. सरकार यंत्र मोजत होते, माणसे नव्हे. एका यंत्रासमोर अख्खी चाळ बसली तरी परवाना एकच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर हे परवाने रद्द झाले. त्याच सुमारास मुंबईतल्या इमारतींमध्ये एका व्हिडिओ यंत्रावरून घरोघरी वायर टाकून सिनेमे दाखवणारे तरुण उगवले होते. जानेवारी १९९१ मधील आखाती युद्ध, त्याच वर्षी आलेला स्टार आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झालेला झी यांनी या गच्चीवरच्या धंद्याला डिश दिली. केबलवाला मोजत होता ते घर. दर महिन्याला दाराशी येऊन पैसे घेणाऱ्या पोऱ्याला आत किती संच आहेत हे कळायला फारसा मार्ग नव्हता.

यामागे तंत्राचा एक साधा गुण होता. त्या काळच्या केबलमध्ये साऱ्या वाहिन्या एकाच तारेतून, आपापल्या कंप्रतेच्या पट्टीत, शेजारी शेजारी वाहत येत. निवड करणारा भाग संचात होता, तारेत नव्हता. म्हणून तारेला फाटा फोडला की दोन्ही संचांना सगळे मिळे आणि दोघांनी वेगवेगळे पाहिले तरी एकमेकांचे काही अडत नसे. फाटा फोडण्यासाठी स्प्लिटर नावाची अंगठ्याएवढी धातूची डबी मिळे. एका बाजूला येणारी पिन, दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या दोन. काही घरांत तेही कोणी आणत नसे. तार सोलून तांब्याला तांबे पिळायचे आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळायची. याची किंमत चित्राला मोजावी लागे. वाटणीत संकेताची शक्ती निम्मी होते, किंबहुना निम्म्याहूनही थोडी कमी उरते. मग दोन्ही पडद्यांवर मुंग्या येत. स्प्लिटरचे एक तोंड मोकळे ठेवले तर तिथून परतलेला संकेत चित्रामागे फिकट सावली उभी करी. पावसाळ्यात जोडात पाणी शिरे आणि तांबे हिरवे पडे. मग बूस्टर आला. त्याने चित्राबरोबर मुंग्याही वाढवल्या.

या फाट्याने घरात काय केले, हे मला त्याच्या तंत्रापेक्षा महत्त्वाचे वाटते. मध्यमवर्गीय मराठी घरात बाहेरची खोली आणि आतली खोली ही केवळ वास्तुरचना नाही, ती सत्तेची रचना आहे. टीव्ही आला तो बाहेरच्या खोलीत. स्वयंपाकघरातल्या बाईच्या वाट्याला आवाज पूर्ण यायचा आणि चित्र दारातून दिसेल तेवढे. नव्वदच्या दशकात मोठा रंगीत संच घेतल्यावर जुना संच आत सरकला, त्याला फाट्यावरची तार मिळाली, आणि बाहेर काय चालले आहे त्याची पर्वा न करता आतल्या बाईला स्वतःचे काही पाहता येऊ लागले. १९९९ साली अल्फा मराठी आणि २००० साली ई टीव्ही मराठी आली. 'आभाळमाया', 'चार दिवस सासूचे' या मालिकांवर टीकाकारांनी पुष्कळ लिहिले (बरेचसे न पाहता). पण बाहेर क्रिकेटचा सामना चालू असताना त्या मालिका आत पाहता येत होत्या त्या कशाच्या बळावर, हे सहसा कोणी नोंदवत नाही. वाचकवर्ग कसा घडला हे सांगताना आपण छापखाना, टपाल आणि वाचनालये यांचा विचार करतो. प्रेक्षकवर्गाच्या इतिहासात या डबीला तसे स्थान द्यायला हरकत नसावी.

धंद्याला हे परवडण्यासारखे नव्हते. घरातले संच तर सोडाच, केबलवाला वरच्या कंपन्यांना आपल्याकडची घरेही कमी करून सांगे, ही त्यांची जुनी तक्रार होती. त्यावर उतारा म्हणून २००२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन सेट टॉप बॉक्सची वाट मोकळी झाली. १ सप्टेंबर २००३ रोजी तो चेन्नईत लागू झाला. दक्षिण मुंबईच्या ठरावीक भागात यायला २००६ची अखेर उजाडली. या पहिल्या फेरीत मोफत वाहिन्या खोक्याशिवायही दिसत, त्यामुळे आतला संच अगदीच मुका झाला नाही. पैशाच्या वाहिन्या बाहेर, फुकटच्या आत, अशी विभागणी झाली. ती कोणी ठरवून केली नव्हती. पण घरातल्या जुन्या विभागणीशी ती चपखल बसली. ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर मुंबईत हेही संपले. खोक्याशिवाय नुसत्या तारेवर काही दिसेनासे झाले.

आणि मग एका खोक्याला दोन संच जोडण्याचे पर्व सुरू झाले. खोक्याच्या पाठीमागच्या पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या पिनांना दुहेरी पिना लावायच्या, लांब तार भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून आत न्यायची. दिसायला ही जुनीच युक्ती. पण आता निवड करणारा भाग संचात उरला नव्हता, तो खोक्यात गेला होता. आणि खोका एका वेळी एकच वाहिनी उलगडत असे. त्यामुळे बाहेर जे लागेल तेच आत दिसे. रिमोटचे किरण भिंत ओलांडत नाहीत, म्हणून आतून हाका मारायच्या. त्यावरही रिमोटचा इशारा आतून बाहेर पोचवणारे छोटे यंत्र बाजारात आले, पण त्याने भांडण मिटले नाही. एका खोक्यावर दोन हात आले एवढेच. दहा-बारा वर्षे जी वेगळी निवड आतल्या खोलीला मिळाली होती ती गेली आणि चित्र तेवढे राहिले. ज्या घरांत दुसऱ्या खोक्याचे पैसे द्यायची तयारी होती तिथे हा प्रश्न आलाच नाही. हा इतिहास मुख्यतः ते पैसे न देणाऱ्यांचा आहे.

एका वाचनालयाचे एक सभासदत्व आणि पुस्तक वाचणारे घरभर, एक दिवाळी अंक आणि त्याचे दहा वाचक, याची आपल्याला इतकी सवय आहे की त्यात कोणाचे काही बुडते असे मनात येत नाही. खोक्याने प्रथमच प्रत्येक पडद्याला त्याच्या नावाचा क्रमांक दिला. नियामक प्राधिकरणालाही हा पेच जाणवला असावा. १ जानेवारी २०२०च्या सुधारित नियमांत एकाच घरातल्या दुसऱ्या संचापासून पुढे जाळ्याचे शुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांहून अधिक घेऊ नये असे ठरले आणि प्रत्येक संचासाठी निराळ्या वाहिन्या निवडण्याची मुभाही मिळाली. म्हणजे यंत्राकडून पुन्हा अर्धेमुर्धे घराकडे. वाहिन्यांच्या कंपन्या या नियमांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २०२१ साली न्यायालयाने नियम बव्हंशी उचलून धरले. जुलै २०२४ मध्ये या शुल्कावरची मर्यादाच काढून ते ठरवण्याचे काम वितरकांवर सोडण्यात आले.

दरम्यान आतल्या खोलीत मोबाइल पोचला होता, आणि मोजणीचा घोळ त्याच्याबरोबर तिथेही गेला. २०२३च्या जुलैत नेटफ्लिक्सने भारतात एक खाते एकाच घरापुरते असा आग्रह धरला, तेव्हा घर म्हणजे काय हे त्या कंपनीलाही नव्याने सांगावे लागले.