नैराश्यावरील औषधांचा इतिहास आणि रुग्णाची साक्ष

औषधाच्या शोधाची कथा महाडकरांना परदेशातून आणून सांगण्याचे कारण नाही. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचू चावलेली कित्येक माणसे दगावत असत. डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसले. घाम किती येतो, नाडी कशी चालते, छाती केव्हा भरते, हे टिपत गेले. पुढे प्राझोसिनची गोळी लागू पडली आणि शंभरांत तीस-चाळीस असलेले मृत्यू एक-दोनांवर आले. ती गोळी रक्तदाब उतरवण्यासाठी होती. विंचवासाठी कोणी केलेली नव्हती. रुग्णाकडे नीट पाहणाऱ्यालाच तिचा हा उपयोग दिसला.

आज ज्या औषधांविषयी बोलावयाचे आहे, त्या नैराश्यावरील गोळ्यांचा इतिहासही याच जातीचा आहे. त्यांतली सुरुवातीची औषधे कोणी ठरवून शोधली नाहीत. दुसऱ्याच रोगावर औषध देत असता रुग्णाच्या वागण्यात जो अनपेक्षित फरक पडला, त्यातून ती हाती आली. म्हणजे ज्याला आपण दुष्परिणाम म्हणून नाक मुरडतो, तोच या इतिहासाचा मूळ धागा होय.

त्याचे एक टोक आपल्याकडेच आहे. सर्पगंधेची मुळी आपले वैद्य उन्मादावर व निद्रानाशावर पूर्वापार देत आले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबावर गुणकारी असल्याचे इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढले गेले. रक्तदाब उतरला खरा. पण काही रुग्ण खिन्न, निरुत्साही झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. रेसर्पीनमुळे मेंदूतील सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचा साठा आटतो, हे तेव्हाच्या प्रयोगांत दिसले होते. मग मन खचण्याशी या द्रव्यांचा संबंध असेल काय, असा प्रश्न उभा राहिला. तो अजून पुरता सुटलेला नाही. परंतु संशोधनाला दिशा मिळाली ती रुग्णांच्या तक्रारीमुळे.

त्याच १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड देत होते. खाटेला खिळलेली माणसे भूक लागली म्हणू लागली, हसूबोलू लागली. १९५७ साली नेथन क्लाइन यांनी हेच औषध नैराश्यावर वापरल्याचे जाहीर केले. पण त्याने काहींना कावीळ झाली आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेत ते मागे घ्यावे लागले.

स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथे रोलांड कून हे इमिप्रामीन नावाचे औषध स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर वापरून पाहत होते. तेथे ते फसले. नैराश्याने ग्रासलेल्यांना मात्र त्याचा गुण आला. १९५७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या रुग्णालयात कित्येकांना आपल्यावर प्रयोग चालला आहे याची कल्पनाही दिली गेली नव्हती, असे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. हा डाग इतिहासातून पुसता येत नाही.

कून यांच्या औषधाने घशाला कोरड पडे, शौचास साफ होत नसे, उठताना भोवळ येई. आणि गुण यायला दोन-तीन आठवडे लागत. १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले फ्लुओक्सेटिन आणि त्याच्या मागून आलेल्या गोळ्या पुष्कळ सुसह्य आहेत. तरी मळमळ, झोपेची अडचण, कामजीवनातील तक्रारी त्यांच्याही वाट्याला आहेत. त्रास पहिल्या दिवसापासून आणि गुण महिन्याअखेर, असा हा उलटा व्यवहार आहे.

आता पोलादपूर तालुक्यातील वाडीवरची एखादी बाई डोळ्यांपुढे आणा. झोप नाही, जेवण नाही, कशातच मन लागत नाही. डॉक्टर गोळी देतात. आठ दिवस तोंड कोरडे पडते, पोट बिघडते. आराम तर काडीचा नाही. घरातले म्हणतात, "मनाच्या दुखण्याला गोळ्या कशाला?" एसटीचा खर्च, बुडालेली मजुरी, लोक काय म्हणतील ही धास्ती. ती गोळ्या फडताळात ठेवून देते आणि डॉक्टरांना काही कळवत नाही. दुसरी एखादी महिन्याने बरे वाटताच थांबते. एकाएकी सोडल्यामुळे चक्कर येते, चित्त अस्वस्थ होते आणि दुखणे उलटण्याचा धोका राहतो. दोघींचा दोष एवढाच, की त्यांना कोणी आधी सांगितले नाही आणि नंतर विचारले नाही.

हे विचारण्याचे काम कोणी करावे, याचे उत्तर शेजारच्या गोव्याने शोधले. 'मानस' नावाच्या प्रयोगात तेथील आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी रुग्णांशी बोलावे, औषध चालू आहे का पाहावे, अशी व्यवस्था केली. सरकारी केंद्रांतील रुग्ण त्यामुळे अधिक प्रमाणात बरे झाले, असे २०१० साली प्रसिद्ध झाले. पूर्वी आपल्याकडे मनोरुग्ण म्हटला की ठाणे, येरवडा नाहीतर रत्नागिरी. आज जिल्ह्याच्या ठिकाणी मानसिक आरोग्याची सोय आहे. पण गोळी घरी नेल्यानंतरची विचारपूस हीच अजून दुर्मीळ आहे.

२२ जुलै २०२१ चा दिवस येथे कोणी विसरलेले नाही. महाडात पूर, तळियेवर दरड, पोलादपुरातही घरे गाडली गेली. अशा प्रसंगी रडणे हा आजार नव्हे आणि प्रत्येक दुःखाला गोळी नको. पण ज्याचे मन महिनोन्‌महिने वर येत नाही, त्याला औषध मिळावे, आणि ते घेताना काय होते हे सांगण्याची मुभाही मिळावी. विशेषतः तरुण रुग्णाकडे पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी लक्ष ठेवावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बोलून दाखवल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

श्रोतेहो, क्षयरोग्यांची भूक आणि रक्तदाबाच्या रुग्णांची खिन्नता कोणी ऐकलीच नसती, तर ही विद्या इथवर आली नसती. तेव्हा औषध बाधले तर ते गुपचूप टाकू नका, डॉक्टरांना सांगा. डॉक्टरांनीही ते उभ्या उभ्या न ऐकता, बिरवाडीत एका डॉक्टराने ऐकले तसे, बसून ऐकावे.